मगनलाल गांधी

मगनलाल खुशालचंद गांधी (इ.स. १८८३ – २३ एप्रिल, इ.स. १९२८, पाटणा) हे महात्मा गांधींचे निकटचे सहकारी, साबरमती येथील सत्याग्रह आश्रमाचे व्यवस्थापक आणि आधुनिक खादीविद्येचे आद्य अभ्यासक होते. घरोघरी चरखा चालावा हा विचार गांधीजींचा. परंतु तो चरखा कसा असावा, कापूस कसा पिंजावा आणि सूत कसे पारखावे, याचे शास्त्र मगनलालांनी स्वतःच्या हातांनी उभे केले. वर्धा येथील मगनवाडी व मगन संग्रहालय यांना त्यांचेच नाव दिलेले आहे.

कुटुंब व दक्षिण आफ्रिका

मगनलालांचे वडील खुशालचंद हे गांधीजींचे चुलत बंधू. त्या नात्याने मगनलाल गांधीजींचे पुतणे लागत. छगनलाल, नारणदास व जमनादास हे त्यांचे बंधूही पुढे गांधीजींच्या कार्यात सहभागी झाले. १९०२ च्या अखेरीस गांधीजी पुन्हा दक्षिण आफ्रिकेस निघाले, तेव्हा व्यापारात नशीब आजमावण्याच्या हेतूने मगनलालही त्यांच्यासोबत गेले. नाताळ वसाहतीत त्यांनी काही काळ दुकानदारी केली.

१९०४ मध्ये गांधीजींनी डर्बनजवळ फिनिक्स येथे वसाहत स्थापन केली आणि आपल्याबरोबर आलेल्या आप्तेष्टांना तेथे येण्याचे आवाहन केले. काही जण आले, पण त्यांतील बरेचसे पुढे आपापल्या धंद्याकडे परतले. मगनलालांनी मात्र व्यापार कायमचा सोडला. 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक फिनिक्स येथे छापले जाई. छापखान्याचा पूर्वानुभव नसतानाही मगनलालांनी खिळे जुळवण्याचे काम अल्पावधीत आत्मसात केले आणि वेगात सर्वांना मागे टाकले. यंत्राची रचना व हस्तकौशल्य चटकन जाणण्याची ही वृत्ती पुढे खादीच्या कामी आली.

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यास योग्य नाव सुचवावे, असे आवाहन या साप्ताहिकातून करण्यात आले होते. मगनलालांनी 'सदाग्रह' हा शब्द सुचवला. गांधीजींनी त्यात बदल करून 'सत्याग्रह' हा शब्द रूढ केला.

आश्रम व अस्पृश्यतेचा प्रश्न

१९१४ मध्ये फिनिक्स येथील मंडळी भारतात परतली. मगनलालांच्या देखरेखीखाली ती काही काळ गुरुकुल कांगडी व शांतिनिकेतन येथे राहिली. २५ मे १९१५ रोजी अहमदाबादजवळील कोचरब येथे सत्याग्रह आश्रम सुरू झाला आणि १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी हलवण्यात आला. गांधीजी बहुतेक काळ दौऱ्यावर असत. त्यामुळे आश्रमाची व्यवस्था प्रामुख्याने मगनलालांकडे होती.

आश्रमाच्या पहिल्याच वर्षी दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन व कन्या लक्ष्मी हे तत्कालीन अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील कुटुंब आश्रमात राहावयास आले. बाहेरून मिळणारी आर्थिक मदत थांबली आणि आश्रमातही अस्वस्थता पसरली. कस्तुरबांना हा बदल सहज स्वीकारता आला नाही. मगनलाल व त्यांच्या पत्नी संतोकबेन यांचे मनही त्यास तयार होत नव्हते. अखेर पतिपत्नींनी आश्रम सोडला आणि ती मद्रासला गेली. तेथे काही महिने त्यांनी हातमागाचे शिक्षण घेतले व आपल्या मनाशी झगडा केला. त्यानंतर ती दोघे अस्पृश्यतेची भावना टाकून आश्रमात परतली. मगनलालांच्या चरित्रातील हा प्रसंग महत्त्वाचा आहे. त्यांनी आपला संकोच लपवला नाही आणि त्याला चिकटूनही राहिले नाहीत.

विणकामाचे शिक्षण

आश्रमवासीयांनी स्वतः विणलेले कापड वापरावे, असे ठरले होते. तथापि गांधीजींसह कोणालाच माग किंवा चरखा यांची माहिती नव्हती. हातमाग आणले, पण ते चालवण्यास शिकवणारा मिळेना. अखेर पालनपूरहून एक विणकर आला. मात्र त्याने आपली विद्या पूर्णपणे उघड केली नाही. पिढीजात कसब हेच ज्याच्या पोटापाण्याचे साधन, त्याचे हे वागणे समजण्यासारखे होते. मगनलाल मात्र मागे हटले नाहीत. त्यांनी निरीक्षणातून व प्रयोगातून ती कला मिळवली आणि आश्रमातील इतरांनाही विणकर म्हणून तयार केले.

चरख्याचा शोध व सुधारणा

माग चालू झाले, तरी सूत गिरणीचेच होते. गिरण्यांवरील हे अवलंबन दूर करण्यासाठी हाताने कातणे आवश्यक होते. परंतु चरखा बहुतेक ठिकाणी व्यवहारातून गेलेला होता. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली. गंगाबेननी बराच शोध घेतल्यावर बडोदा संस्थानातील विजापूर येथे अनेक घरांत माळ्यावर टाकून दिलेले चरखे शोधून काढले. पेळू मिळाल्यास व सूत विकत घेतले जाणार असल्यास पुन्हा कातण्याची तेथील लोकांची तयारी होती.

मगनलालांनी चरख्यात अनेक सुधारणा केल्या. चरखे व त्यांचे सुटे भाग आश्रमात तयार होऊ लागले. आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीचा खर्च वारी १७ आणे, म्हणजे रुपयाहून एक आणा अधिक, आला होता. एवढ्या महाग कापडावर गरिबांचे वस्त्र उभे राहणार नव्हते. म्हणूनच केवळ निष्ठा पुरेशी नव्हती. साधनांची व कौशल्याची सुधारणा हाच खरा प्रश्न होता.

खादीविद्या

१९२१ मध्ये बेझवाडा येथील बैठकीत काँग्रेसने देशात वीस लाख चरखे चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हजारो घरांत नवखे हात कातू लागले. पुष्कळांचे सूत जाडेभरडे, असमान व कच्चे निघे आणि ते मागावर टिकत नसे. कातण्यातील दोषाचे मूळ अनेकदा आधीच्या कामात असते. सरकी नीट काढली नाही किंवा कापूस पूर्ण पिंजला नाही, तर पेळू गाठाळ होतो आणि चातीवर धागा वारंवार तुटतो. त्यामुळे कापूस, सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे, कातणे व लडी भरणे ही सर्व कामे एका साखळीप्रमाणे शिकवावी लागत. आश्रमातील हे शिक्षण मगनलालांच्या मार्गदर्शनाखाली चाले.

१९२४ मध्ये मगनलालांचे 'चरखा शास्त्र' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जे ज्ञान मिळवताना त्यांना स्वतःला अडचणी आल्या होत्या, ते या पुस्तकामुळे कोणाही वाचकास खुले झाले.

त्याच वर्षी बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट मान्य झाली. सुताचा अंक म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात ती संख्या. दहा अंकी सुताचे २,००० वार भरले, तर त्याचे वजन पाव पौंडापेक्षाही थोडे कमी होते. अशा सुताचा अंक, समानता व मजबुती तपासणे ही मोठी जबाबदारी होती. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाच्या कार्यकारी मंडळावर मगनलालांची नेमणूक झाली. संघाचे तांत्रिक काम ते पाहत असत.

मृत्यू

मगनलालांची कन्या राधाबेन बिहारमध्ये पडदापद्धतीविरुद्धच्या कार्यात सहभागी झाली होती. तिला भेटण्यासाठी मगनलाल बिहारला गेले असता आजारी पडले आणि २३ एप्रिल १९२८ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे ४५ वर्षांचे होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'मध्ये मृत्युलेख लिहून आपला सर्वोत्तम सहकारी गेल्याचे नमूद केले. मगनलालांच्या विधवा पत्नीपेक्षाही आपणच अधिक निराधार झालो आहोत, अशी भावना त्यांनी त्यात व्यक्त केली.

वारसा

चरख्याच्या सुधारणेचे काम मगनलालांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. छगनलालांचे पुत्र प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा व दोन्ही हातांनी एकाच वेळी कातता येणारा चरखा तयार केला. तो 'मगन चरखा' या नावाने ओळखला जातो. साबरमती आश्रमातील मगनलालांचे निवासस्थान 'मगन निवास' म्हणून जतन केलेले असून तेथे विविध प्रकारचे चरखे पाहावयास मिळतात.

महाराष्ट्रात मगनलालांची स्मृती वर्ध्याशी जोडलेली आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघासाठी जमनालाल बजाज यांनी वर्धा येथील आपली बाग दिली. त्या जागेस 'मगनवाडी' हे नाव देण्यात आले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तेथूनच ग्रामोद्योगांचे कार्य केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगनवाडीत मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी व ग्रामोद्योगांची साधने या संग्रहालयात मांडलेली आहेत.