पूर्वपक्ष नीट मांडणारा पंडित : शेख अबुल फझल

आषाढी पौर्णिमेस घरोघरी व्यासपूजन होते. ज्या महर्षींनी भारताची रचना केली, त्यांच्या ग्रंथाच्या फारसी अनुवादास प्रस्तावना लिहिणारा एक मुसलमान पंडित होऊन गेला आणि त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या दक्षिण देशी गेली, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. अकबर बादशहाचा सचिव व इतिहासकार शेख अबुल फझल तो हा. काही काळ त्याचे वास्तव्य जालना येथे होते, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. दरबारी मुत्सद्दी म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे. परंतु आम्हांस त्याचे स्मरण होते ते तर्कशास्त्राचा उपासक म्हणून.

इस्लामी विद्यापरंपरेत तर्कशास्त्रास मंतिक म्हणतात. ग्रीक पंडित अरिस्टॉटल याचे ग्रंथ अरबीत आले. दहाव्या शतकात फाराबीने त्यांवर भाष्ये केली आणि इब्न सीना (९८०–१०३७) याने त्या शास्त्रास स्वतंत्र रूप दिले. पुढे इमाम गझाली (१०५८–११११) यांनी तत्त्वज्ञांच्या अनेक मतांचे खंडन केले, पण मंतिक मात्र टाकले नाही. ज्यास ते अवगत नाही त्याची विद्या भरवशाची नव्हे, असा अभिप्राय दिला. तेव्हापासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यासही मंतिक आवश्यक ठरले.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे आपला नैयायिक प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन अशा पाच अवयवांनी सिद्ध करतो. मंतिकाचा अभ्यासक तेच कार्य दोन विधाने आणि त्यांतून निघणारा नतीजा यांनी साधतो. आपल्या हेतूच्या जागी तेथे हद्दे औसत, म्हणजे मधले पद, असते. वाटा दोन, पण पुराव्यावाचून बोलू नये हा दंडक दोहोंकडे एकच.

अबुल फझलचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्रा येथे झाला. पिता शेख मुबारक यांनी गुजरातेत अहमदाबादेस मोठमोठ्या विद्वानांपाशी अध्ययन केले होते. पित्यानेच पुत्रास शिकविले. स्वतंत्र बुद्धीच्या मुबारकांवर दरबारी धर्मशास्त्र्यांचा रोष होता. त्यांच्यावर पाखंडाचा आळ आला आणि या कुटुंबास लपतछपत आश्रय शोधावा लागला. आपले म्हणणे ऐकून न घेताच दोषी ठरविले जाणे म्हणजे काय, हे अबुल फझलने तरुणपणीच भोगले.

त्याच्या बुद्धीची एक कथा प्रसिद्ध आहे. इस्फहानी नामक ग्रंथकाराची एक पोथी त्याच्या हाती आली. तिच्या प्रत्येक पानाचा उभा अर्धा भाग आगीने नष्ट झाला होता. त्याने जळका भाग कापून कोरे कागद चिकटविले, उरलेल्या अर्ध्या ओळींवर पुनःपुन्हा मनन केले आणि उरलेला अर्धा मजकूर स्वतः भरून काढला. पुढे अखंड प्रत सापडली. ताडून पाहता शब्द पुष्कळ ठिकाणी निराळे निघाले, पण विचाराचा ओघ इतका जुळला की स्नेही चकित झाले. परक्या बुद्धीत शिरून तिच्याच रीतीने विचार करणे, हे सामर्थ्य त्यास त्या वयातच लाभले होते.

१५७४ मध्ये तो दरबारी आला. पुढच्याच वर्षी फत्तेपूर सिक्रीस इबादतखाना उभारला गेला व तेथे नाना मतांचे वाद सुरू झाले. १५८३ मध्ये विजापूरहून आलेल्या फतहुल्ला शिराझी या विद्वानाने उत्तरेत मंतिकादी शास्त्रांचा प्रसार वाढविला. याच सुमारास, १५८२ मध्ये, महाभारताचा फारसी अनुवाद हाती घेण्यात आला. ब्राह्मण पंडित अर्थ सांगत आणि नकीब खान प्रभृती लेखक तो फारसीत उतरवीत. या 'रज्मनामा' ग्रंथास १५८७ मध्ये अबुल फझलने प्रस्तावना जोडली. दोन्ही समाजांनी एकमेकांचे प्रमाणग्रंथ वाचावे, म्हणजे वैर सोडून सत्याचा शोध घेता येईल, हा तिचा आशय.

'ऐने अकबरी'त त्याने न्याय, वैशेषिक, वेदान्त, मीमांसा, सांख्य व योग या दर्शनांची, तसेच जैन व बौद्ध मतांची माहिती दिली. नैयायिकांचे सोळा पदार्थ क्रमाने सांगितले. संस्कृत शिकणाऱ्याने व्याकरण, न्याय, वेदान्त व पातंजल यांचे अध्ययन करावे, असे शिक्षणाच्या नियमांत घातले. त्यास स्वतःस संस्कृत अवगत नव्हते. दुभाष्यांकडून अर्थ घेऊन, तो पुनःपुन्हा पारखून त्याने लेखन केले. हिंदू एकाच परमेश्वरास मानतात, मूर्ती ही चित्त स्थिर करण्याचे साधन होय, असे त्याने निःशंकपणे नोंदविले. परस्परांतील गैरसमजाची कारणेही दिली : भाषेचे अज्ञान, विद्वानांतील दुरावा, आळस आणि रूढीचे अंध अनुकरण.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगणे हाच न्याय. धन्याची स्तुती करताना त्याच्या लेखणीस मर्यादा राहिली नाही. १५९९ मध्ये तो दक्षिणेत आला तो मोगल सत्तेचा सेनानी म्हणून. अहमदनगर व असीरगड येथील मोहिमांशी त्याचे नाव निगडित आहे. हिंदू-तुर्क संवाद रचणारे पैठणचे नाथमहाराज त्याच वर्षी समाधिस्थ झाले. या दोघांची भेट झाली असती तर केवढा वाद रंगला असता, असे आमच्या मनात येते.

१६०२ मध्ये बादशहाने त्यास परत बोलाविले. वाटेत घातपाताची सूचना मिळाली. पळून जाण्यास त्याने नकार दिला. ऑगस्ट महिन्यात ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या वाटेवर, शहाजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंगदेव बुंदेला याने त्यास ठार केले. पुढे जहांगीर झालेल्या सलीमने आत्मचरित्रात ही गोष्ट कबूल केली आहे. आंतरी येथे त्याची कबर आहे.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १६०८ मध्ये, आपल्या जालना जिल्ह्यातील जांब येथे समर्थांचा जन्म झाला. श्रोत्याची शंका आधी पुरती मांडून मग समाधान करण्याची त्यांची रीत आपणांस परिचित आहे. शास्त्रचर्चेचा पहिला धर्मच हा की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मान्य करावे इतक्या प्रामाणिकपणे प्रथम मांडावे. ज्या शास्त्रांत तो जन्मला नाही, त्यांचा पूर्वपक्ष अबुल फझलने अशा निष्ठेने मांडला. उत्तरपक्ष ज्याचा त्याने करावा. पण ऐकण्यापूर्वी निर्णय देऊ नये, एवढा बोध व्यासांच्या स्मरणदिनी घेतला तरी पूजन सार्थ झाले, असे आम्ही मानतो.