एका गीतासाठी : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर

काशीच्या रामघाटाच्या परिसरात मराठी माणसांचे वास्तव्य फार जुने. जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि त्यापुढे शिंद्यांचा घाट आजही त्याची साक्ष देतात. याच काशीनगरीत डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. अधिवेशनात सरलादेवी चौधुराणी यांनी बंकिमचंद्रांचे ‘वंदे मातरम्’ गायिले. वंगभंगाच्या चळवळीने ते गीत त्या वर्षी जनतेच्या ओठांवर आणले होते. त्या वेळी आळंदीत जन्मलेला एक बालक आठव्या वर्षात होता. पुढे याच गीतासाठी कित्येक वर्षे झटलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ते हेच.

२० जानेवारी १८९८ हा त्यांचा जन्मदिवस. आवाजाची देणगी लहानपणीच प्रकट झाली आणि ते नाटक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. तेथे लाभलेली ‘मास्टर’ ही उपाधी नावाला कायमची चिकटली. भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व हा त्यांच्या जीवनातील खरा भाग्ययोग. १९२२ मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर गंधर्व नाटक मंडळीतील संगीताची जबाबदारी त्यांच्या खांद्यांवर आली. ‘कान्होपात्रा’सारख्या नाटकांना त्यांच्या चालींनी रसिकमान्यता मिळाली. बुवांनी स्थापिलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाशीही त्यांचा निकटचा संबंध राहिला.

‘प्रभात’च्या चित्रपटांमुळे त्यांच्यापुढे नवे क्षेत्र खुले झाले. मैफलीत एक गवई आणि त्याची साथ एवढाच मेळ; चित्रपटात मात्र अनेक वाद्ये आणि अनेक कंठ एकाच चालीत बांधावे लागतात. ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांतील त्यांची गीते घरोघरी पोहोचली. ‘शेजारी’तील समूहगीताने तर शास्त्रीय संगीताच्या पायावर सर्वांना गाता येणारी चाल उभी राहू शकते, हे दाखवून दिले. रंगभूमीवर ‘कुलवधू’ने (१९४२) त्यांची कीर्ती पुन्हा उजळली.

‘वंदे मातरम्’ला त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली होती. मैफलीच्या अखेरीस ते ती गात. परकीय राजवटीत नभोवाणीवरून हे गीत गाताना त्यांचे प्रक्षेपण मध्येच थांबविण्यात आले, तेव्हा त्यांनी नभोवाणीवर गाणेच सोडले. कलावंताला तो मोठाच तोटा होता. पण त्यांनी तो पत्करला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न निराळा झाला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी न्यूयॉर्कमध्ये ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजविले गेले आणि ते सर्वांना आवडले. पंतप्रधान नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये घटना समितीत याचा उल्लेख केला आणि ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला सोयीची नाही, असे मत मांडले. म्हणजे आता आक्षेप गीताच्या आशयापुरता नव्हता. तो संगीतकाराने सोडवावयाचा प्रश्न होता.

आणि प्रश्न खरोखरच अवघड होता. आपले गायन मींडेवर, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाण्यावर चालते. गायकाला लहर आली तर तो शब्द लांबवितो. बँडमध्ये हे चालत नाही. पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे तेथील बहुतेक वाद्यांचे स्वर ठरलेले, प्रत्येक वादकापुढे त्याचा स्वतंत्र लिखित भाग, आणि सर्वांची पावले एका ठेक्यात. शिवाय पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच वेळी अनेक स्वर वाजतात. ते मूळ चालीला पोषक ठरले पाहिजेत. झिंझोटीचे स्पष्ट, सरळ स्वर येथे उपयोगी पडले. कृष्णरावांनी चाल आटोपशीर केली, तिला निश्चित लय दिली आणि मुंबईतील पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांच्या साहाय्याने ती वाद्यांवर बसविली. एकट्याने, समूहाने आणि बँडवर अशी तिन्ही रूपे तयार झाली. ती घेऊन ते दिल्लीला गेले आणि पंतप्रधान व घटना समितीचे सदस्य यांच्यापुढे त्यांनी आपले म्हणणे प्रत्यक्ष ऐकवून मांडले.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निर्णय जाहीर केला. राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला, ‘वंदे मातरम्’लाही त्याच्याइतकाच सन्मान देण्यात आला. कृष्णरावांची इच्छा अर्धीच पूर्ण झाली. आज या गीताची देस रागातील चाल अधिक परिचित आहे. परंतु त्या कामामुळे भारतीय चाल तिचा स्वभाव न गमावता परदेशी वाद्यांवर उभी राहू शकते, हे सिद्ध झाले.

निर्णयानंतरही ते कटू झाले नाहीत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी बुद्धवंदनेला चाल दिली. तेथेही कसोटी तीच होती : शेकडो माणसांना एकत्र म्हणता येईल असे सोपे, पण भारदस्त संगीत. १९७१ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविण्यात आले आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

शेकडो मुले प्रार्थनेसाठी उभी राहतात आणि पहिल्याच स्वराला सर्वांचा आवाज एक होतो, तेव्हा ते आपोआप घडले असे वाटते. त्यामागे कोणीतरी अवघड ते सोपे करून ठेवलेले असते. मास्टर कृष्णरावांनी हेच काम आयुष्यभर निष्ठेने केले.