मॅक्स स्टायनर : पडद्यामागचा वाद्यमेळ

हॉलिवूडच्या बोलपटांना पार्श्वसंगीताची भाषा देणाऱ्यांत मॅक्स स्टायनर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १० मे १८८८ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराणे रंगभूमीवरचे. आजोबा नामांकित नाट्यगृहाचे चालक होते, तर प्राटर उद्यानातील प्रसिद्ध आकाशपाळणा १८९७ मध्ये उभा राहिला तो वडील गाबोर यांच्या पुढाकाराने.

तरुणपणीच स्टायनर इंग्लंडला गेले आणि तेथील रंगभूमीवर वाद्यवृंदाचे संचालन करू लागले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध भडकले आणि ऑस्ट्रियाचे नागरिक असलेले स्टायनर एकाएकी शत्रुपक्षाचे ठरले. एका उमरावाच्या मध्यस्थीने देशाबाहेर पडण्याची कागदपत्रे हाती आली. वर्षअखेरीस ते जवळजवळ रिकाम्या खिशाने न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले.

पुढची पंधरा वर्षे ब्रॉडवेवरील संगीतिकांत गेली. चाल दुसऱ्याची, वाद्यमेळ स्टायनर यांचा. कोणत्या जागी व्हायोलिन हवे आणि कोठे नुसती शांतता, हे ठरवणाऱ्या 'अरेंजर'चे मोल हिंदी चित्रपटसंगीताच्या रसिकांना वेगळे सांगायला नको. ही उमेदवारी पुढे फार उपयोगी पडली.

१९२९ मध्ये आरकेओ कंपनीने त्यांना हॉलिवूडला बोलावले. बोलपट तेव्हा नवा होता. पडद्यावर वादक दिसत नसताना संगीत आले कोठून, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल, ही निर्मात्यांची धास्ती होती. १९३३ च्या 'किंग काँग'ने ती खोटी ठरवली. त्यातल्या यांत्रिक वानराला भीतिदायक आणि अखेरीस करुण बनवले ते स्टायनर यांच्या वाद्यवृंदाने. फिल्मपट्टीला ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून वादकांच्या कानी ठेका पोहोचवण्याची युक्ती रूढ करणाऱ्यांतही ते होते. 'द इन्फॉर्मर' (१९३५), 'नाऊ, व्हॉयेजर' (१९४२) आणि 'सिन्स यू वेन्ट अवे' (१९४४) यांच्या संगीताला ऑस्कर मिळाले. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'ला मात्र त्या पुरस्काराने हुलकावणी दिली.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि वृद्ध गाबोर यांनाही मायदेश सोडून मुलाकडे यावे लागले. चारच वर्षांनी स्टायनर यांच्यापुढे 'कॅसाब्लांका' आला. परवान्याच्या कागदासाठी तिष्ठणाऱ्या निर्वासितांची ही कथा. तिच्यातले गाणे हर्मन हपफेल्ड यांचे, १९३१ सालचे. स्टायनर यांना ते रुचले नव्हते, त्यांना स्वतःची चाल हवी होती. परंतु नायिका इन्ग्रिड बर्गमन यांनी पुढच्या चित्रपटासाठी केस कापले होते, त्यामुळे प्रसंग पुन्हा चित्रित होणे अशक्य झाले. तेव्हा त्यांच्यातला जुना 'अरेंजर' मदतीला आला. नको असलेली ती चाल त्यांनी चित्रपटभर पेरली. कधी ती आठवण होऊन येते, तर कधी विरहाची वेदना होऊन. तीत फ्रान्सचे राष्ट्रगीतही गुंफले. आज त्या गाण्यावाचून 'कॅसाब्लांका'ची कल्पनाच करवत नाही.

उत्तरायुष्यात दृष्टी अधू झाली, तरी काम थांबले नाही. 'अ समर प्लेस'मधील (१९५९) त्यांची एक चाल पर्सी फेथ यांच्या वाद्यवृंदाने वाजवली आणि १९६० मध्ये अमेरिकेत सलग नऊ आठवडे ती अग्रस्थानी राहिली. २८ डिसेंबर १९७१ रोजी स्टायनर यांचे निधन झाले. तीनशेहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. तरीही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी शोधायची, तर ती त्यांनी न रचलेल्या एका गाण्याभोवतीच सापडते.