नगरनिर्माते नानासाहेब पेशवे

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांचा जन्म १७२० साली झाला. थोरले बाजीराव व काशीबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत. १७४० मध्ये बाजीरावांचे निधन झाले, तेव्हा बारामतीचे सावकार बाबूजी नाईक यांनीही पेशवेपदासाठी खटपट केली. बाजीरावांना झालेल्या कर्जात त्यांचे देणे मोठे होते आणि नागपूरकर रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. तथापि छत्रपती शाहूंनी पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांनाच दिली.

१७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले व राज्यकारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास आले. शिलेदार, कारकून, सावकार आणि कारागीर यांची वस्ती वाढू लागली. या वाढत्या वस्तीस पाणी पुरविणे ही पहिली निकड होती. नानासाहेबांनी कात्रज येथे तलाव बांधवून तेथील पाणी भूमिगत नळाने, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत आणविले. नळावर ठिकठिकाणी ठेवलेल्या उच्छ्वासांतून हवा मोकळी होत असे. पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि नव्या पेठा वसल्या.

शहराची वाढ मुठेच्या उजव्या तीरावर होत होती. पलीकडे जाण्यास नदीचा अडसर होता. मुठेवरील लकडी पूल नानासाहेबांच्या कारकिर्दीच्या अखेरचा मानला जातो. पानिपताहून परतणाऱ्या सैन्यासाठी तो घाईने बांधला, अशी परंपरा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या त्या युद्धात नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव व चुलतबंधू सदाशिवरावभाऊ कामी आले. या आघातातून ते सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले.

एकोणिसाव्या शतकात लाकडी पुलाच्या जागी दगडी पूल आला. नाव मात्र लकडीच राहिले. विसाव्या शतकात पुलाच्या शहराकडील बाजूस लक्ष्मी रस्ता व पलीकडे डेक्कन जिमखान्याची वस्ती झाली आणि जुने पुणे नदीपार विस्तारले.

पानिपतच्या पराभवातील नानासाहेबांची जबाबदारी नाकारता येत नाही. परंतु केवळ त्या निकालावरून त्यांच्या चरित्राचे मूल्यमापन केल्यास एकवीस वर्षांच्या कारभारातील नगररचनेचे कार्य दृष्टीआड होते. विद्यार्थ्यांनी या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार करावा.