जोतीरावांचे नाकारलेले नाटक

इसवी सनापूर्वी ४२४ मध्ये ॲरिस्टोफेनीसने अथेन्सच्या रंगभूमीवर क्लेऑन या बलाढ्य पुढाऱ्याची यथेच्छ टिंगल केली. क्लेऑनचा अंमल चालू असतानाच त्या विनोदी नाटकाला नगराच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात तशी वेळ आली तेव्हा काय घडले, याचे उत्तर महात्मा फुले यांच्या चरित्रात सापडते.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्याचा. आई लहानपणीच वारली. मध्येच सुटलेले शिक्षण मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

१८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहपीडेची भीती घालतो आणि ते गरीब जोडपे ऐपतीबाहेरच्या खर्चात ओढले जाते. विदूषक मधूनमधून बोलून जोशीबुवांचे ढोंग उघडे पाडतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा एका कुटुंबाचा जमाखर्चच होय. अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागते, हे त्यातील सार. अखेर ते जोडपे शाळेची वाट धरते.

पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला होता. जोतीरावांनी नाटक त्या दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून प्रसिद्ध झाले १९७९ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर तब्बल ८९ वर्षांनी!

जोतीराव मात्र थांबले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. १८९० साली ते निवर्तले. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या अंगाने तेच हसू खेडोपाडी नेले. त्यांचा विचार घाट उतरून महाडातही आला. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांचे अनुयायी १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले आणि १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

बक्षीस नाकारून विचार मरत नाही, हे खरे. परंतु वेळीच स्वतःला हसण्याची संधी गमावलेल्या समाजाला शहाणपण उशिरा व महाग पडते, हेही तितकेच खरे. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावी शाळेच्या स्नेहसंमेलनात हे नाटक मुलांनी उभे केले, तर ते राहून गेलेले पारितोषिक जोतीरावांना खऱ्या अर्थाने मिळेल.