डिचपल्लीच्या डॉक्टरीणबाई

आदिलाबादहून दक्षिणेस गोदावरी ओलांडली की निझामाबाद जिल्हा लागतो. तेथील डिचपल्लीचे कुष्ठरोग रुग्णालय पुष्कळांना ठाऊक आहे, डॉ. इझाबेल कर यांना मात्र आम्ही विसरत चाललो.

१९०३ साली त्या ॲबर्डीनला डॉक्टर झाल्या व १९०७ मध्ये पती रेव्ह. जॉर्ज यांच्यासह निजामाच्या राज्यात आल्या. कुष्ठरोग्यांना तेथे थारा नव्हता. १९११ मध्ये त्यांनी त्यांची सोय केली. ती अपुरी पडली, तेव्हा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी देणगी दिली आणि १९१५ मध्ये डिचपल्ली उभे राहिले. बाई कडुकवठीच्या तेलाची इंजेक्शने देत. जॉर्जसाहेब कारभार सांभाळीत. डॉक्टर सुनेने घरही एकटीने ओढावे, असे म्हणणाऱ्या आमच्या घरांनी या साहेबांकडे जरा पाहावे! १९३२ मध्ये बाई वारल्या. साहेबांनी काम सोडले नाही.