जोतीराव फुले आणि जमिनीतील पाणी

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली माळी कुटुंबात झाला. बागाईत करणाऱ्या या समाजात पाण्याचे मोल लहानथोर सर्वांस ठाऊक असे. १८६८ साली, अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठे बंद असताना, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधताना त्यांची दृष्टी जमिनीच्या पोटातील पाण्याकडेही वळली. पावसाचे पाणी सुपीक माती घेऊन वाहून जाते, हे त्यांनी जाणले होते. ठिकठिकाणी ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतांत मुरेल व मगच ओढ्यानाल्यांस मिळेल. हे काम सरकारने शिपायांकडून करवून घ्यावे. पाणाड्यांकडून भूमिगत झरे हुडकून त्यांच्या जागा नकाशांत नोंदवाव्यात. आणि स्वखर्चाने विहीर खोदणाऱ्यास बक्षीस द्यावे, असे उपाय त्यांनी सुचविले.

१८९० साली जोतीराव निवर्तले. पुढे खोल विंधणविहिरी झाल्या, उपसा वाढला; परंतु त्या मानाने पाणी मुरविण्याचे काम झाले नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. जोतीरावांनी दाखविलेली वाट किती हिताची होती, हे त्या कोरड्या विहिरी पाहिल्या म्हणजे कळते.